झाडांची शास्त्रीय नावं उलगडताना या चुका टाळा

पारिजातकाचं शास्त्रीय नाव निक्टँथिस आर्बोर-ट्रिस्टिस. पहिला शब्द ग्रीक: निक्स म्हणजे रात्र, अँथोस म्हणजे फूल. पुढचा भाग लॅटिन: आर्बोर म्हणजे झाड, ट्रिस्टिस म्हणजे दुःखी. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात या झाडाला 'दुःखी झाड'च म्हटलं होतं. लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १७५३ मध्ये दिलेल्या नावातही ते दुःख राहिलं. असं एखादं नाव एकदा उलगडलं की जन्मभर विसरत नाही. चुकीचं उलगडलेलंही तितकंच घट्ट बसतं, आणि तीच अडचण आहे.

'इंडिका' म्हणजे मूळचं भारतीय, असं धरून चालणं

चिंचेचं नाव टॅमरिंडस इंडिका, पण चिंच मूळची आफ्रिकेतली. अरबांनी तिला 'तमर हिंदी' म्हटलं, म्हणजे हिंदुस्थानी खजूर. त्यावरून टॅमरिंडस झालं आणि त्यापुढे पुन्हा इंडिका लागलं. म्हणजे एकाच नावात हिंदुस्थान दोनदा आला, तरी झाड इथलं झालं नाही. अशा विशेषणातून फार तर एवढं कळतं की नाव देणाऱ्याची त्या झाडाशी गाठ कुठे पडली, किंवा ते कुठलं असावं असं त्याला वाटलं. मूळ प्रदेश हवा असेल तर लंडनच्या क्यू उद्यानाच्या 'प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन' या संकेतस्थळावर स्वतंत्रपणे बघावा.

गावाचं नाव अगदी खरं ठरतं अशीही उदाहरणं आहेत. सफेद मुसळी म्हणजे क्लोरोफायटम बोरिविलियानम. यातलं बोरिविली म्हणजे आपलं मुंबईचं बोरिवली. कासच्या पठारावरचा वायतुरा अपोनोजेटॉन सातारेन्सिस, त्यात सातारा आहे.

शेवट 'दुरुस्त' करणं

एका उद्यानातल्या पाटीवर पिंपळासाठी 'फायकस रिलिजिओसस' लिहिलेलं पाहिलं होतं. फायकसला 'अस' आहे म्हणून कुणीतरी विशेषणालाही तो जोडला असणार. हेतू चांगला, पण लॅटिनमध्ये झाडांची नावं, शेवट कसाही असो, बहुधा स्त्रीलिंगी असतात. पिंपळ आपल्याकडे 'तो', त्यांच्याकडे 'ती'. म्हणून रिलिजिओसा हेच बरोबर.

खरं तर मराठी माणसाला हे जड जाऊ नये. चांगला, चांगली, चांगलं हे आपण विचार न करता बदलतो. लागवडीखालचं या अर्थाचं लॅटिन विशेषणही तसंच बदलतं: काकडी क्युक्युमिस सटायव्हस, भात ओरायझा सटायव्हा, लसूण ॲलियम सटायव्हम. शब्द एकच, लिंगं तीन.

यातूनच आणखी एक गोंधळ होतो. रस्त्याकडेचा उंच, सरळसोट खोटा अशोक जुन्या पुस्तकांत पॉलिअल्थिया लाँगिफोलिया आहे, नव्यात मोनून लाँगिफोलियम. छपाईची चूक कुठेच नाही. झाड दुसऱ्या प्रजातीत (इंग्रजीत जीनस, नावातला पहिला शब्द) गेलं, तिचं नाव नपुंसकलिंगी, म्हणून विशेषणाचा शेवट बदलला. 'लांब पानांचं' हा अर्थ तसाच आहे. नाव सापडत नसेल तेव्हा विशेषणाचा शेवट गाळून फक्त मुळावर शोध घ्या, बहुतेक वेळा सापडतं.

सारखे दिसणारे तुकडे एक मानणं

ग्रीकमध्ये अँथोस म्हणजे फूल आणि अकांथा म्हणजे काटा. कारवीच्या स्ट्रोबिलँथिस या नावात फूल आहे: स्ट्रोबिलोस म्हणजे शंकू, शंकूसारखा फुलोरा. पण तिचं कुळ ॲकँथेसी, त्यात काटा आहे! खाडीकाठची काटेरी पानांची मारांडी, अकँथस, याच कुळातली.

मला यातलं सगळ्यात आवडतं उदाहरण राजगिऱ्याचं. ॲमरँथस पाहून कुणीही 'अँथोस' म्हणेल. मूळ ग्रीक शब्द मात्र अमारांतोस, न कोमेजणारा. फुलाशी त्याचं नातं नव्हतं. अँथोसच्या प्रभावाने त्यात एक 'ह' घुसला आणि तिथेच राहिला. राजगिऱ्याचा वाळलेला तुरा रंग धरून ठेवतो, तो हाताळताना हा मूळ अर्थ किती अचूक आहे ते कळतं.

इंग्रजीच्या कानाने ऐकणं

आल्याच्या झिंजिबर ऑफिसिनालेमध्ये ऑफिस नाही. ऑफिसिना म्हणजे मठातली औषधांची कोठी. फॅसिओलस व्हल्गॅरिस, म्हणजे राजमा, त्यात काहीही अश्लील नाही. व्हल्गॅरिस म्हणजे नेहमीचा, सर्वसामान्य.

सगळंच ग्रीक मानणं, किंवा सगळंच संस्कृत

झिंजिबर हे ग्रीक झिंगिबेरिसवरून आलं, आणि तो शब्द पालीतल्या सिंगिवेरवरून, म्हणजे आपलं शृंगवेर. पायपरमागे पिप्पली आहे. उसाच्या सॅकॅरममागे शर्करा. व्यापाराबरोबर शब्दही जहाजात चढले होते. हे कळल्यावर उत्साहाच्या भरात प्रत्येक नावाला संस्कृत धातू लावायचा मोह होतो, तो आवरा. रुईच्या कॅलोट्रॉपिसमध्ये 'काल' नाही. कालोस म्हणजे सुंदर आणि ट्रोपिस म्हणजे होडीचा तळकणा.

बकुळीचं मिम्युसॉप्स एलेंगी तर दोन जगांचं नाव आहे. मिम्युसॉप्स ग्रीक, माकडाच्या चेहऱ्यासारखं. इतक्या सुगंधी फुलाला हे नाव मिळावं याचं मला आजही वाईट वाटतं. एलेंगी मात्र शुद्ध मल्याळम. १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅमला बारा खंडांत निघालेल्या 'होर्टुस मलाबारिकुस' या मलबारच्या वनस्पतींवरच्या ग्रंथात केरळातल्या माणसांनी सांगितलेलं हे नाव नोंदलं गेलं, आणि लिनियसने ते तसंच उचललं. लॅटिन शब्दकोशात ते शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही. त्यासाठी कोचीकडची एखादी म्हातारी गाठावी, ती बकुळीकडे बोट दाखवून 'इलंजी' म्हणेल.