अपक्ष उभे राहताना: वहीतला क्रम आणि वाड्यावरचा क्रम

2022 च्या गोवा विधानसभेला मी फोंडा तालुक्यातून अपक्ष उभा होतो. अनामत गेली, हे आधीच सांगून टाकतो. तरी निवडणूक लढवायची म्हणणारी पोरे घरी येऊन विचारतात, "दादा, सुरुवात कुठून करायची?"

मी वहीपासून केली. पहिल्या पानावर प्राधान्यक्रम लिहिला: म्हादई नदीचे पाणी, रोजगार, मुंडकारांची (भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्यांची) घरे. देवाला गाऱ्हाणे घातले आणि दुसऱ्याच दिवशी एका म्हातारीने तो क्रम मोडला. तुळशीपाशी निळे पिंप रिकामे, तांब्या त्यात उपडा पडलेला. कर्नाटकाने म्हादईला मिळणाऱ्या कळसा नाल्याचे पाणी वळवले तर काय होईल, हे मी रंगवून सांगत होतो. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "म्हादय बरी रे बाबा, पूण म्हज्या नळाक उदक खंय?"

तिच्या नळाला पाणी येते ओप्याच्या जलशुद्धीकरण प्रकल्पातून. ते खांडेपार नदीचे, आणि कळसा नाला त्या नदीला मिळतच नाही. टाकी भरत होती, पण चढावरच्या घरांपर्यंत दाब पोचत नव्हता, एवढेच दुखणे. म्हादई मी वहीतून काढली नाही. पण त्या अंगणात ती सांगणे हा शुद्ध आगाऊपणा होता.

त्या दिवसापासून प्रत्येक गाऱ्हाण्यापुढे ते कुणाच्या टेबलावरचे, हे लिहायला लागलो. गटार पंचायतीचे, खांबावरचा दिवा वीज खात्याचा, नळ तेव्हा सार्वजनिक बांधकाम खात्याचा, मुंडकाराचा दावा मामलेदाराकडचा. विधानसभेचे म्हणावे असे फारच थोडे उरले. मुंडकार कायदा 1975 चा. दावे वर्षानुवर्षे का पडून राहतात, हे सभागृहात विचारणे हे खरे आमदाराचे काम. पण आपल्याकडे आमदाराला मुकादम समजतात, आणि त्यालाही ते सोयीचे असते. रस्त्याचे हॉटमिक्स डांबरीकरण झाले की पाच वर्षे निभावली.

नोकरीचा शब्द देऊ नका. एका घरात सहा मते होती, मुलाला कुठल्याही खात्यात चिकटवा म्हणाले. मी नाही म्हटले. चहा आला, मते आली नाहीत. तरी माझे मत बदललेले नाही.

घरोघरी फिरण्याला पर्याय नाही. सुरुवातीला कोविडमुळे दारी जाताना पाचच माणसे असा नियम होता. मला तसेही सहावे मिळत नव्हते. गोव्यात 40 मतदारसंघ, एकेकात साधारण 30 हजारांच्या आतबाहेर मतदार. त्या निवडणुकीत फोंडा मतदारसंघाचा निकाल 77 मतांनी लागला. म्हणजे एका वाड्याने, एका वस्तीने.

कागदपत्रे मात्र प्रचाराच्या आधी. वय 25 पूर्ण हवे. अनामत 10,000 रुपये. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मते पडली नाहीत की ती जप्त. अपक्षाला त्याच मतदारसंघातले 10 सूचक, म्हणजे अर्जावर त्याचे नाव सुचवणारे मतदार, लागतात. माझ्या एका सूचकाचा अनुक्रमांक मी जुन्या मतदार यादीतून उतरवला होता. अर्ज देण्याच्या आदल्या रात्री पुतणीने नवीन यादीशी ताडून पाहिले म्हणून वाचलो. दोन सूचक जास्तीचे सांगून ठेवा. शपथपत्रातला एकही रकाना कोरा ठेवू नका, 'नाही' असेल तर 'नाही' लिहा. अर्ज दिल्यावर, छाननीच्या दिवसाआधी, उमेदवाराची शपथ घ्यायची असते; गडबडीत नेमकी तीच विसरते.

खर्चासाठी वेगळे बँक खाते अर्जाच्या निदान एक दिवस आधी उघडा. आमच्या वेळी मर्यादा 28 लाख होती. माझा खर्च तिच्या जवळपासही गेला नाही, पण हिशोब हरलेल्यालाही द्यावा लागतो, निकालापासून 30 दिवसांत. नाही दिला तर आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. भाड्याच्या लाऊडस्पीकरचे एक बिल माझ्याकडून हरवले. त्यासाठी त्या माणसाच्या दुकानात तीन खेपा घातल्या, तिसऱ्या खेपेला त्याने नवीन बिल फाडून दिले आणि विचारले, "परत उभे राहणार काय?"