सी भाषेतले मॅक्रो डीबग करताना या चुका टाळा

प्रोग्रॅमचं उत्तर चुकतंय आणि ओळ न् ओळ तपासूनही काही सापडत नाही? मग त्या ओळीत मॅक्रो, म्हणजे #define ने कोडच्या तुकड्याला दिलेलं नाव, आहे का ते बघा. असेल, तर तुम्ही वाचताय तो मजकूर कंपायलरने पाहिलेलाच नाही. कंपाइल होण्याआधी चालणाऱ्या प्रीप्रोसेसरने मॅक्रोच्या जागी त्याचा विस्तार ठेवलेला असतो. म्हणून मूळ फाइलकडेच बघत बसणं ही मला सगळ्यात मोठी चूक वाटते. जीसीसी किंवा क्लँग या कंपायलरला हायफन कॅपिटल ई (-E) हा पर्याय द्या, विस्तारलेला कोड दिसेल. हेडरमुळे तो खूप लांबतो. पण तुमचा भाग शेवटी असतो, थेट तिथे जा.

आता कंस. 'वर्ग(क)' म्हणजे 'क * क' असं लिहिलंत, तर वर्ग(३ + १) चं '३ + १ * ३ + १' होतं आणि १६ ऐवजी ७ मिळतात. प्रत्येक 'क'ला कंस घातला की झालं, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. १०० / वर्ग(५) चं '१०० / (५) * (५)' होऊन ४ ऐवजी १०० येतात. पूर्ण विस्तारालाही बाहेरून कंस हवाच.

पण कंसांनी न सुटणारी एक चूक आहे. दोनांतली मोठी संख्या देणाऱ्या मॅक्रोला आय++ (आय वापरून मग एकने वाढवणं) आणि जे दिलंत, आय ५ आणि जे ३ असेल, तर आय++ तुलनेत एकदा आणि उत्तर देताना पुन्हा चालतं. उत्तर ६ येतं, आय ७ होतो. अशा कामासाठी मॅक्रो नकोच, स्टॅटिक इनलाइन फंक्शन लिहा. त्यात आर्ग्युमेंटची, म्हणजे कंसात दिलेल्या गोष्टीची, किंमत एकदाच काढली जाते.

अनेक विधानांचा मॅक्रो डू-व्हाइल (०) मध्ये गुंडाळा, नाहीतर इफ-एल्स बिघडतं.

डीबगरमध्ये मॅक्रो दिसत नाही म्हणून अडला असाल, तर डीबगरसाठी माहिती जोडणारा हायफन जी (-g) हा पर्याय पुरेसा नाही. हायफन जी३ (-g3) देऊन कंपाइल करा, मग जीडीबी या डीबगरमध्ये 'मॅक्रो एक्स्पांड' ही आज्ञा चालते.

चाचणीसाठीचं डीबग बिल्ड नीट चालतं आणि वापरासाठीचं रिलीज बिघडतं, तेव्हा अट खरी आहे का ते तपासणाऱ्या असर्ट या मॅक्रोच्या कंसात डोकवा. एनडीबग (NDEBUG) हे नाव डिफाइन असेल तर आतलं सगळं गायब होतं. तिथे फाइल उघडणारं फंक्शन बोलावलं असेल, तर फाइल उघडलीच जात नाही. आधी निकाल व्हेरिएबलमध्ये घ्या, मग तो असर्टला द्या.