नगरसेवक व्हायचंय? आधी घरपट्टी भरा

नगरपरिषदेच्या फाटकासमोर माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. एरवी उत्पन्नाचे दाखले, भाडेकरार, शाळेचे अर्ज. निवडणूक लागली की मात्र आठ दिवस दुकानात उभं राहायला जागा नसते. १० ते १७ नोव्हेंबर २०२५ या मुदतीत मी एकतीस उमेदवारी अर्ज भरून दिले. त्यातले चार छाननीत उडाले. चौघंही आपापल्या गल्लीत वजन असलेली माणसं, पण मतदारांपर्यंत पोचलीच नाहीत. तेव्हापासून जो येतो त्याला मी तेच तेच सांगत बसते. म्हणून एकदाचं लिहून काढते.

सुरुवात मतदार यादीपासून. नगरपरिषद, नगरपंचायत आणि महानगरपालिका यांच्या निवडणुका दिल्लीचा आयोग घेत नाही. त्या घेतो आपला राज्य निवडणूक आयोग, जो ७४व्या घटनादुरुस्तीनंतर १९९४ मध्ये स्थापन झाला. पण या आयोगाची स्वतःची मतदार यादी नसते. विधानसभेची जी यादी असते तीच प्रभागांप्रमाणे फोडतात. या खेपेला १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. ज्यांनी ऑगस्टमध्ये नाव नोंदवलं ते माझ्याकडे नवं कोरं मतदार ओळखपत्र घेऊन भांडायला आले. त्यांचं नाव पालिकेच्या यादीत असणं शक्यच नव्हतं. प्रारूप यादी लागते तेव्हा हरकत घेता येते, पण ती एवढ्यापुरतीच: विधानसभेच्या यादीत नाव आहे पण इथे सुटलं, प्रभाग चुकला, किंवा लिहिताना चूक झाली. नवं नाव त्या टप्प्यावर घातलं जात नाही.

प्रभाग चुकणं ही किरकोळ गोष्ट वाटते. मागच्या खेपेला आमची अख्खी गल्ली नाल्यापलीकडच्या प्रभागात जाऊन बसली होती. प्रारूप यादी माझ्याच दुकानासमोरच्या फलकावर लागली होती आणि मी ती पाहिली नाही. मतदानाच्या दिवशी दोन केंद्रं फिरले तेव्हा नाव सापडलं. लोकांना यादीच्या झेरॉक्स काढून देणारी मी, आणि माझी ही गत.

मत द्यायला जाताना ओळखपत्र न्या. मतदार ओळखपत्र नसेल तर आधार, पासपोर्ट, पॅन कार्ड, वाहन परवाना चालतो. नुसती घरी आलेली मतदार चिठ्ठी चालत नाही. मोबाइल आत नेता येत नाही, तो बाहेर कुणाकडे तरी ठेवावा लागतो. वेळ साडेसात ते साडेपाच. साडेपाचला जो रांगेत आहे त्याला मत देऊ देतात.

आता यंत्र. विधानसभेला एक बटण दाबलं की काम संपतं, इथे तसं नाही. नगरपरिषदेच्या एका प्रभागातून साधारणपणे दोन सदस्य निवडायचे असतात, जागा ‘अ’ आणि जागा ‘ब’. शिवाय नगराध्यक्ष थेट जनतेतून. म्हणजे तीन मतं. नगरपंचायतीत प्रभागाला एकच सदस्य आणि एक नगराध्यक्ष, म्हणून दोन. मुंबईत प्रभाग एकसदस्यीय, तिथे एकच मत. बाकीच्या महानगरपालिकांत बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे, तिथे चार मतं. मतपत्रिकेचे रंगही वेगळे: अ पांढरा, ब फिकट गुलाबी, क फिकट पिवळा, ड फिकट निळा. सगळ्या जागांसाठी बटण दाबल्याशिवाय शेवटचा लांब ‘बीप’ वाजत नाही आणि मतदान पुरं होत नाही. माझ्या आईनं नगराध्यक्षाला मत दिलं आणि पदर सावरत निघाली. केंद्राधिकाऱ्यांनी हाक मारली, “आजी, अजून दोन राहिली.” आई म्हणाली, “बाकीचे मला पसंत नाहीत.” त्यासाठीही बटण आहे: ‘वरीलपैकी कोणीही नाही’, प्रत्येक जागेसाठी वेगळं. आपल्या राज्य आयोगाच्या २०१८ च्या आदेशानुसार एखाद्या जागेवर या बटणाला सगळ्यांत जास्त मतं पडली तर तिथे फेरनिवडणूक होते. एक लक्षात ठेवा, ‘अ’ जागेच्या दोन उमेदवारांना मत देऊन ‘ब’ मोकळी सोडता येत नाही. एका जागेला एकच मत.

आता उभं राहायचं असेल तर.

पहिली पायरी प्रचाराच्या कितीतरी आधी येते: प्रभाग रचना आणि आरक्षणाची सोडत. प्रारूप प्रभाग रचना जाहीर होते, तिच्यावर हरकती व सूचना मागवतात, सुनावणी होते. मग सर्वांसमक्ष सोडत निघते, बहुतेक ठिकाणी शाळेतल्या मुलांच्या हातून चिठ्ठ्या काढून. निम्म्या जागा महिलांसाठी, त्यातच अनुसूचित जाती, जमाती आणि मागास प्रवर्गाच्या जागांचं वाटप. ज्यांनी पाच वर्षं एका प्रभागात गटारं साफ करून घेतली त्यांची जागा अर्ध्या तासात महिलांसाठी राखीव होते आणि संध्याकाळी त्यांच्या घरातल्या वहिनी माझ्या दुकानात येतात, सोबत नवरा, पुढे बोलणारा नवरा. मी अर्ज वहिनींसमोर ठेवते आणि प्रश्न त्यांनाच विचारते. उमेदवार त्या आहेत, शपथपत्र त्यांचं आहे, खोटं ठरलं तर अडकणार त्या. आणि सर्वसाधारण जागेवरून बाईला उभं राहता येतं, हेही दर वेळी नव्यानं सांगावं लागतं.

वय किमान २१ पूर्ण हवं. त्या शहराच्या यादीत तुमचं नाव कुठल्याही प्रभागात असलं तरी दुसऱ्या प्रभागातून लढता येतं. सूचक, म्हणजे अर्जावर तुमचं नाव सुचवणारा, मात्र तुम्ही जिथून लढणार त्याच प्रभागाचा मतदार लागतो. माझ्या चारातला पहिला अर्ज इथेच गेला. सूचक उमेदवाराचा सख्खा मित्र, समोरच्या घरातला. पण प्रभागाची हद्द नेमकी त्या रस्त्याच्या मधून गेलेली.

दुसरा अर्ज तिसऱ्या मुलामुळे गेला. सप्टेंबर २००१ नंतर झालेल्या अपत्यामुळे संख्या दोनपेक्षा जास्त होत असेल तर माणूस अपात्र. ते गृहस्थ म्हणत होते, “मुलगा भावाला दत्तक दिलाय.” दत्तक दिल्यानं जन्म पुसला जात नाही.

तिसरा राखीव जागेचा. जातीचा दाखला होता, जात वैधता प्रमाणपत्र नव्हतं. ते नसलं तरी लढता येतं, पण पडताळणी समितीकडे अर्ज दाखल केल्याची पोच आणि ठरल्या नमुन्यातलं हमीपत्र लागतं. निवडून आल्यावर मुदतीत प्रमाणपत्र आणलं नाही तर पद जातं. या गृहस्थांनी समितीकडे अर्जच केला नव्हता, कारण “आधी तिकीट तर मिळू दे.” लढायचं मनात आलं त्याच महिन्यात तो अर्ज करून टाका. तिकीट मिळालं नाही तरी वैधता प्रमाणपत्र मुलांच्या प्रवेशाला उपयोगी पडतंच.

चौथा गेला तो शपथपत्रातल्या रिकाम्या रकान्यांमुळे. मालमत्ता, कर्ज, गुन्हे, शिक्षण असं सगळं त्यात लिहायचं असतं, स्वतःचं, जोडीदाराचं आणि अवलंबितांचं. जिथे काही नाही तिथे ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ असं लिहा. जागा मोकळी सोडू नका, आडवी रेघ मारू नका. अधिकाऱ्यांनी रकाने भरून आणायची सूचना दिली होती, उमेदवार तोवर देवदर्शनाला निघून गेला होता.

या चारांखेरीज काठावर वाचलेले कितीतरी. नगरपरिषदेची थकबाकी नसल्याचा दाखला हवा, म्हणजे घरपट्टी आणि पाणीपट्टी आधी भरा. शेवटच्या दोन दिवसांत त्या खिडकीवर मतदानापेक्षा मोठी रांग असते. घरात शौचालय असल्याचा आणि ते वापरत असल्याचा दाखला. पालिकेचे ठेकेदार नसल्याचं लिहून द्यावं लागतं. अनधिकृत बांधकामावरूनही पद जाऊ शकतं, ते तुमचं असो वा जोडीदाराचं. निवडणुकीच्या खर्चासाठी बँकेत स्वतंत्र खातं उघडा. हे काम चार दिवस आधी करा, बँक तुमच्या मुहूर्तावर चालत नाही.

पक्षाकडून लढत असाल तर ‘एबी फॉर्म’ हा परवलीचा शब्द. ‘ए’ मध्ये पक्ष सांगतो की आमच्या वतीनं सही कोण करणार, ‘बी’ मध्ये ती व्यक्ती उमेदवाराचं नाव देते. अर्जाच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत ते निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या हाती पडले पाहिजेत. फोटो नाही, व्हॉट्सअॅप नाही, शाईची सही असलेला मूळ कागद. पक्ष बंडखोरीच्या धास्तीनं ते शेवटच्या तासाला देतात. त्या तासात माझ्या दुकानातली मोठमोठी माणसं शाळकरी पोरांसारखी फाटकाकडे बघत बसलेली मी पाहिली आहेत.

छाननीला स्वतः हजर राहा. १८ नोव्हेंबरला आमच्याकडे छाननी झाली तेव्हा प्रतिस्पर्ध्यांचे वकील आले होते आणि आमचा चौथा उमेदवार अजून परतीच्या वाटेवर होता. निर्णय पटला नाही तर नगरपरिषदेच्या बाबतीत जिल्हा न्यायालयात अपील करता येतं. ते साधं प्रकरण समजू नका. अशाच अपिलांचे निकाल वेळेत न लागल्यामुळे काही ठिकाणचं मतदान २ डिसेंबरऐवजी २० डिसेंबरला गेलं आणि राज्यभरची मतमोजणी २१ डिसेंबरपर्यंत थांबली. विजयाचा गुलाल आणून ठेवलेल्यांनी तो जवळजवळ तीन आठवडे घरात सांभाळला.

अपक्षांनी कॅलेंडरकडे नीट पाहावं. चिन्हवाटप झालं २६ नोव्हेंबरला, मतदान २ डिसेंबरला. म्हणजे ‘कपबशी’ की ‘शिट्टी’ हे कळल्यावर हातात सहा दिवससुद्धा नाहीत. पक्षाच्या उमेदवाराचं चिन्ह लोकांना पाठ असतं, तुमचं तुम्हाला घरोघर पोचवायचं असतं. म्हणून नाव आणि चेहरा आधीच्या वर्षभरात पोचलेला पाहिजे. पत्रक छापताना खाली मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव आणि प्रतींची संख्या हवीच. ती नसलेला गठ्ठा पथकानं जप्त केलेला मी पाहिलाय, आणि छपाईचे पैसे उमेदवाराला भरावे लागलेच.

खर्चाची मर्यादा आमच्या ‘क’ वर्ग नगरपरिषदेत सदस्याला अडीच लाख, नगराध्यक्षाला साडेसात लाख. ‘अ’ वर्गात सदस्याला पाच लाख, महानगरपालिकांत शहराच्या वर्गाप्रमाणे नऊ ते पंधरा लाख. हे आकडे वाचून गावात लोक हसतात, का ते तुम्हालाही ठाऊक आहे. शेवटच्या रात्री पाकीट वाटणारे कुठे कुठे थांबतात तेही ठाऊक आहे. पाकीट देणं आणि घेणं, दोन्ही गुन्हा. माझं मत विचाराल तर ज्यानं रात्री दोन हजार दिले त्याला पुढची पाच वर्षं ते वसूल करायचे असतात, आणि तुमचा पाण्याचा अर्ज त्याच्या टेबलावर सगळ्यांत खाली असतो.

मतदान प्रतिनिधी भक्कम नेमा. सकाळी मतदान सुरू होण्याआधी यंत्राची चाचणी होते, त्याला हजर राहणारा आणि संध्याकाळपर्यंत जागा न सोडणारा माणूस हवा. एका मताची किंमत विचारायची तर २०१७ मध्ये मुंबईत २२० क्रमांकाच्या प्रभागात दोघांना समान मतं पडली आणि निकाल चिठ्ठी काढून लागला.

निकालावर आक्षेप असेल तर राजपत्रात नावं प्रसिद्ध झाल्यापासून दहा दिवसांत न्यायालयात निवडणूक याचिका करावी लागते. दहा दिवस म्हणजे दहाच.

आणि हरलात तरी काम उरतं. खर्चाचा हिशेब निकालानंतर तीस दिवसांत द्यायचा असतो, जिंकलेल्यानं आणि हरलेल्यानंही. हरलेले बहुतेक जण विसरतात, कारण त्यांना त्या कागदांकडे बघवत नाही. दिला नाही तर तीन वर्षांपर्यंत अपात्र ठरू शकता, म्हणजे पुढची संधी आली तरी अर्ज भरता यायचा नाही. आमच्याकडे २१ डिसेंबरला निकाल लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्या एकतीसजणांच्या यादीतल्या लढलेल्या सत्तावीसजणांना फोन केला की पावत्या घेऊन या. एकोणीस आले. हिशेब दाखल करा, पोच घ्या आणि तिची झेरॉक्स काढून ठेवा. मूळ पोच कुठे गेली म्हणून पुढच्या निवडणुकीत शोधत याल, तेव्हा माझ्याकडे दुसरी प्रत असेलच असं नाही.