रॉटरडॅम पाहायला येताय? या चुका टाळा

हॉलंड म्हणजे कालव्यांकाठची चिंचोळी जुनी घरे, हे चित्र मनात घेऊन जे रॉटरडॅमला येतात, ते सेंट्रल स्थानकाबाहेरच्या काचेच्या उंच इमारती पाहून हिरमुसतात आणि ‘इथे पाहण्यासारखे काही नाही’ असा निकाल तासाभरात देऊन मोकळे होतात. १४ मे १९४० रोजीच्या जर्मन बॉम्बहल्ल्यात या शहराचा मध्यभाग जवळजवळ संपूर्ण नष्ट झाला आणि पुढे तो जुन्यासारखा न बांधता नव्या पद्धतीने उभारला गेला. त्यामुळे ब्लाक स्थानकाजवळची तिरपी घनाकृती घरे, मार्कटहाल ही छताखालची बाजारपेठ आणि एरास्मस पूल हेच इथले खरे आकर्षण आहे. जुने पाहायचेच असेल तर डेल्फ्सहावन भागात फिरावे, किंवा आगगाडीने पाव तासाच्या अंतरावरील डेल्फ्टला जावे.

सर्वांत जास्त वाया जाते ती रॉटरडॅमजवळच्या किंडरडाइक गावाची सहल. तेथील १९ पवनचक्क्या बहुतांशी १७४० च्या सुमारास, सखल जमिनीतील पाणी उपसून नदीत सोडण्यासाठी बांधल्या गेल्या आणि १९९७ मध्ये त्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. ही पाणी उपसण्याची व्यवस्था समजून घ्यायला निवांत वेळ लागतो, आणि नेमका तोच कोणाकडे नसतो. माझ्या परिचयातील एका कुटुंबाने ‘अर्ध्या तासात उरकू’ म्हणून सकाळी हेग, दुपारी किंडरडाइक आणि संध्याकाळी डेल्फ्ट असा बेत आखला होता. सकाळी निघतानाच मी नको म्हटले होते, पण ऐकतो कोण! ते पोहोचले तेव्हा दुपार उतरणीला लागली होती, आडवा पाऊस सुरू होता, छत्र्या वाऱ्याने उलट्या झाल्या आणि आतून पाहता येणाऱ्या चक्क्या बंद होण्याच्या बेतात होत्या. प्रवेशाजवळ एक छायाचित्र काढून मंडळी परतीच्या बोटीत बसली आणि डेल्फ्टला पोहोचेपर्यंत तेथील दुकानेही मिटली होती. मी स्वतः एरास्मस पुलाजवळून सकाळची वॉटरबस, म्हणजे नदीतली प्रवासी बोट, पकडतो, सायकल बोटीतच चढवतो, छत्रीऐवजी टोपीचा रेनकोट घेतो, डबा सोबत ठेवतो आणि शेवटच्या चक्कीपर्यंत जातो, कारण बहुतेक गर्दी पहिल्या दोन-तीन चक्क्यांपाशीच अडकते. वॉटरबस वर्षभर थेट जात नाही, मधे छोटी बोट बदलावी लागू शकते. म्हणून परतीची वेळ निघण्यापूर्वीच पाहून ठेवावी.

दुसरी चूक खिशाला थेट लागते. मेट्रो, ट्राम, बस आणि आगगाडी या सर्वांत चढताना जसे बँकेचे कार्ड यंत्राला लावायचे असते, तसेच उतरल्यावरही लावायचे असते. ते विसरल्यास प्रवास अपूर्ण मानून जास्त रक्कम कापली जाते. त्याहून फसवा प्रकार असा की चढताना मोबाइल लावला आणि उतरताना त्याच खात्याचे प्लास्टिकचे कार्ड लावले, तर यंत्राच्या दृष्टीने ती दोन वेगळी कार्डे ठरतात आणि दोन अपूर्ण प्रवासांचे पैसे जातात. एका कार्डावर नवरा-बायको दोघांनी प्रवास करण्याची हौसही चालत नाही. आगगाडीतून उतरून मेट्रो घेताना आधी आगगाडीच्या यंत्रावर प्रवास संपवून मग मेट्रोच्या यंत्रावर सुरू करावा लागतो. घाईत नेमके येथेच गणित चुकते. मी पाहुण्यांना प्रत्येकाचे कार्ड ज्याच्या त्याच्या हाती देतो आणि मोबाइल खिशातच ठेवायला सांगतो.

लिस गावातील क्यूकेनहोफ ही ट्यूलिपची बाग साधारण मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंतच उघडी असते, त्यामुळे जुलैत ट्यूलिप मागणाऱ्यांना माझ्याकडे उत्तर नाही. गाउडाचा चीजबाजार वसंत-उन्हाळ्यातील गुरुवारी सकाळी भरतो, रविवारी नाही. अनेक संग्रहालये सोमवारी बंद असतात. रॉटरडॅमच्या बोयमन्स कलासंग्रहालयाची मुख्य इमारत नूतनीकरणासाठी २०१९ मध्ये बंद झाली. शेजारचे, २०२१ मध्ये खुले झालेले आरशांचे गोल ‘डेपो’, म्हणजे याच संग्रहालयाचे लोकांना आत जाऊन पाहता येणारे कोठार, मात्र अवश्य पाहावे. आणि तांबड्या रंगाच्या पट्ट्यावर उभे राहून सेल्फी काढू नये. तो सायकलींचा रस्ता आहे आणि तेथील सायकलस्वार वेग कमी करत नाहीत, फक्त घंटा वाजवतात.