केव्ही कॅशे दाबल्यावर मॉडेल आकडे चुकतंय? हे करून बघा

लांबलचक पीडीएफ टाकली की जीपीयूची मेमरी संपते, मग कोणीतरी सांगतं केव्ही कॅशे (भाषेचं मॉडेल वाचलेल्या प्रत्येक टोकनचे, म्हणजे शब्दाच्या तुकड्याचे, की आणि व्हॅल्यू नावाचे आकड्यांचे दोन संच जपून ठेवतं ती मेमरी) २ बिट कर, म्हणजे त्यातला प्रत्येक आकडा १६ ऐवजी २ बिटमध्ये ठेव, आपण करतो, मेमरी वाचते, भाषा पण मस्त वाटते, आणि दोन दिवसांनी कळतं की उत्तरातले आकडेच गंडलेत. माझं असंच झालं. सोसायटीच्या मीटिंगच्या इतिवृत्तात गळतीच्या कामाला ४७,३५० मंजूर, मॉडेल बिनधास्त सांगतंय ४७,८५०.

आधी एक, फ्लॅश अटेन्शनला (अटेन्शन म्हणजे कुठल्या टोकनकडे किती बघायचं ते ठरवणं, आणि हे ते वेगानं करायचं तंत्र) शिव्या घालू नका. ते २०२२ चं तंत्र हिशोब तोच करतं, फक्त तो भलामोठा स्कोअरचा तक्ता मेमरीत न मांडता तुकड्यातुकड्यानं सॉफ्टमॅक्स (स्कोअरची वजनं करायचा हिशोब) काढतं. शेवटच्या दशांशात फरक पडला तर पडला. खरी गडबड होते ती कॅशेचे बिट कमी केले किंवा जुने टोकन फेकले की.

कॅशेला मेमरी किती लागते ते पण काढून ठेवा. मिस्ट्रल ७बी, व्हर्जन ०.२ घ्या: ३२ लेयर (थर), प्रत्येकात ८ केव्ही हेड (अटेन्शनचे वेगवेगळे भाग), प्रत्येक हेड १२८ आकड्यांचं, की आणि व्हॅल्यू दोन्ही १६ बिटमध्ये, म्हणजे टोकनमागे १२८ केबी, आणि ३२,७६८ टोकनला पूर्ण ४ जीबी. आपल्याला हे जास्त चावतं कारण बऱ्याच टोकनायझरमध्ये (मजकुराचे टोकन पाडणारा भाग) मराठी शब्दाचे इंग्रजीपेक्षा जास्त तुकडे पडतात, त्यामुळे तेवढ्याच मजकुराला कॅशे लवकर भरते.

आता मुख्य भानगड. की आणि व्हॅल्यू एकाच मापानं दाबू नका. की मध्ये काही ठराविक चॅनेल (संचातल्या ठराविक जागा) असे असतात की तिथले आकडे बाकीच्यांपेक्षा कितीतरी मोठे. समजा एका टोकनच्या की मध्ये -०.५, ०.३, ०.८ आणि १२ आहेत आणि चौघांना मिळून एकच माप, प्रत्येकाला २ बिट, म्हणजे चारच पायऱ्या, एक पायरी ४.१७ ची. पहिले तिन्ही आकडे गोल होऊन -०.५ वरच बसणार, फरक खलास! म्हणून की चॅनेलप्रमाणे दाबायची, म्हणजे तो १२ वाला चॅनेल बाकीच्या टोकनांच्या त्याच चॅनेलबरोबर मोजला जातो, आणि व्हॅल्यू टोकनप्रमाणे. २०२४ च्या कीवी नावाच्या पेपरची मूळ कल्पना हीच.

दुसरं, ताजे टोकन दाबूच नका. ट्रान्सफॉर्मर्स नावाच्या पायथन लायब्ररीच्या क्वांटाइज्ड (दाबलेल्या) कॅशेत रेसिड्युअल लेंग्थ असते, डिफॉल्ट १२८, जास्तीत जास्त तेवढे ताजे टोकन मूळ प्रिसिजनमध्ये राहतात. ती शून्याजवळ नेऊन फार तर १६ एमबी वाचवण्यात काही मजा नाही.

जुने टोकन फेकत असाल तर पहिले चार ठेवा. सॉफ्टमॅक्सची बेरीज १ व्हायलाच लागते, त्यामुळे एखाद्या हेडला बघण्यासारखं काही नसलं की ते सगळं वजन सुरुवातीच्या टोकनवर टाकून मोकळं होतं, ते टोकन उडवले की मॉडेल बरळायला लागतं. पण हे ठेवून फक्त बोलणं सरळ राहतं हां, मधलं फेकलेलं पान काही परत येत नाही, त्यामुळे डॉक्युमेंटवर प्रश्न विचारायचे असतील तर मी फेकाफेकीच्या वाटेला जात नाही.

तपासताना नुसत्या पर्प्लेक्सिटीवर (पुढचा टोकन मॉडेलला किती अनपेक्षित वाटतो त्याचं माप) जाऊ नका, ती सरासरी आहे, एक चुकलेला आकडा त्यात कुठल्या कुठे बुडतो. स्वतःचाच लांब मजकूर घ्या, त्यात एक रक्कम, एक तारीख, एक फ्लॅट नंबर सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी पेरा, सॅम्पलिंग (पुढचा टोकन नशिबावर निवडणं) बंद करा, आधी १६ बिटवर उत्तरं घ्या आणि मग दाबलेल्या कॅशेवर. १६ बिटवरच चुकत असेल तर दोष कॅशेचा नाहीच.

तरी चुकतंय? मग आधी की चे बिट वाढवा, व्हॅल्यूचे नाही. लामा डॉट सीपीपीमध्ये (आपल्याच मशीनवर मॉडेल चालवायचं सॉफ्टवेअर) दोन्हींचे टाइप वेगळे देता येतात (व्हॅल्यू दाबायला फ्लॅश अटेन्शन चालू लागतं). मी आता की ८ बिट, व्हॅल्यू ४ बिट ठेवतो, वरच्या ४ जीबीचे दीड जीबी आणि स्केलचे (दाबताना वापरलेली मापं) थोडे वर, आणि ४७,३५० बरोबर येतात.