जेलीफिशची टाकी घरी बांधताय? या चुका टाळा

पंधरा वर्षं मासे पाळतोय. आधी गप्पी, मग एंजल, शेवटची चार वर्षं समुद्री मासे. त्यामुळे मून जेली आणायच्या ठरवल्या तेव्हा मनात म्हटलं, यात काय एवढं! तिसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर पाचांपैकी दोन जेली टाकीच्या मागच्या कोपऱ्यात, ओली पिशवी भिंतीला चिकटावी तशा. आई चहाचा कप घेऊन शेजारी उभी होती. म्हणाली, "अरे, यांना पोहता येत नाही का?"

नाही येत. म्हणजे छत्री आकसून-पसरून त्या थोड्या पुढे सरकतात, पण प्रवाहाच्या विरुद्ध जाण्याइतका जोर त्यांच्यात नसतो. पाणी नेईल तिकडे जायचं. माझी चूक अशी की मी टाकी बांधली, प्रवाह बांधलाच नाही.

चौकोनी टाकी. कोपऱ्यात पाणी साचतं आणि तिथे गेलेली जेली परत निघत नाही. यावरचा उपाय जुना आहे. हेल्गोलँड बेटावर काम करणाऱ्या वोल्फ ग्रेव्हे या जर्मन शास्त्रज्ञाने १९६८ मध्ये नाजूक प्लवकांसाठी (पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जिवांसाठी) गोल फिरत्या पाण्याची टाकी मांडली. तिला नाव पडलं 'क्रायझेल', म्हणजे चक्क भोवरा. विल्यम हॅम्नर यांनी १९९० मध्ये तिची सुधारित रचना दिली. आज मोठ्या मत्स्यालयांत दिसणाऱ्या जेलीच्या टाक्या याच घराण्यातल्या.

घरी करायची तर ॲक्रिलिकची शीट तापवून गोल वाकवायची आणि पुढे-मागे सपाट शीट लावायची. ५० सेंटिमीटर व्यास आणि २५ सेंटिमीटर खोली धरली तर साधारण ४९ लिटर पाणी मावतं. माझ्या फॅब्रिकेटरने पहिल्यांदा गोलाई तीन तुकड्यांत जोडली. क्लोरोफॉर्मने जोड पक्के बसले, पण आतून प्रत्येक जोडावर नखाला लागेल एवढी कड राहिली. आपल्या नखाला लागते ती जेलीच्या अंगाला ब्लेडसारखी लागते. टाकी ताब्यात घेण्याआधी आतून बोट फिरवून बघाच. आणि ॲक्रिलिकला सिलिकॉन काचेसारखा धरत नाही, तेव्हा "सिलिकॉन मारून देतो" म्हणणाऱ्याला तिथेच थांबवा.

पंपाचा आकडा बघणं, जाळीचा न बघणं. सगळ्यात जास्त जेली इथे मरतात, म्हणून जरा हिशेब करू. तासाला ६०० लिटरचा पंप म्हणजे सेकंदाला साधारण १६७ मिलिलिटर. हे पाणी २५ मिलिमीटरच्या पाइपाच्या उघड्या तोंडातून ओढलं, तर तिथला वेग सेकंदाला ३४ सेंटिमीटर होतो. जेली त्यात खेचली जाते आणि तिच्या चिंध्या होतात. तेच पाणी २० बाय ३० सेंटिमीटरच्या, एक तृतीयांश भोकं असलेल्या जाळीतून ओढा. वेग एक सेंटिमीटरपेक्षाही कमी! पंप तोच, वीज तेवढीच. म्हणून जाळी जेवढी मोठी करता येईल तेवढी करा आणि आत येणारं पाणी भोकं पाडलेल्या आडव्या पाइपातून त्याच जाळीवरून पातळ पडद्यासारखं सोडा, म्हणजे जवळ आलेली जेली आपोआप बाजूला ढकलली जाते.

मीठ घालण्याआधी साध्या पाण्यात चाचणी घ्या. जिलेबीत घालतात त्या केशरी रंगाचे दोन थेंब सोडायचे. रंग जिथे रेंगाळतो तिथे पाणी मेलेलं आहे. मग पातळ कॅरीबॅगचा रुपयाएवढा तुकडा जाळीपाशी न्या. तो चिकटून बसला तर जेलीही बसणार. प्रवाह इतकाच हवा की जेली तळाशी बसू नये आणि कपडे धुण्याच्या मशिनमध्ये टाकल्यासारखी गरगरूही नये. पंपाच्या पुढे बॉल व्हॉल्व लावला की हे हाताने जुळवता येतं.

एअर स्टोन, म्हणजे बुडबुडे सोडणारा दगड. सवयीने टाकला होता. बुडबुडा छत्रीखाली अडकला की जेलीला वर ढकलत राहतो आणि दोन-तीन दिवसांत आरपार भोक पाडतो. टाकीत हवा नको. ती मागच्या सम्पमध्ये, म्हणजे पंप असलेल्या जोडटाकीत, द्या आणि पंपाने बुडबुडे ओढू नयेत म्हणून सम्पमधली पातळी उतरू देऊ नका. वाळू, शिंपले, शोभेचा किल्ला, सोबतीला एखादा क्लाउनफिश, यातलं काहीही नको.

"एसी लावतो ना आम्ही." मून जेलीला साधारण १८ ते २४ अंश पाणी लागतं. मुंबई-ठाण्यात मे महिन्यात टाकीचं पाणी सहज ३० च्या पुढे जातं आणि एसी रात्रीच चालतो. रोजचा चढ-उतार तर आणखी वाईट. कॉम्प्रेसरवाला चिलर परवडत नसेल तर मून जेलीचा नाद सोडा, असं मी स्पष्ट सांगतो. उलटी पडून राहणारी कॅसिओपिया जातीची जेली गरम पाण्यात राहते, तिला क्रायझेलही लागत नाही. फक्त तिच्या अंगातल्या शैवालासाठी चांगला उजेड द्यावा लागतो.

घरचं आरओ. पाणी शुद्ध हवं म्हणून स्वयंपाकघरातलं आरओ वापरलं. त्यात 'कॉपर'वालं कार्ट्रिज होतं! आपल्याला ते चालतं, जेलीसारख्या जिवांना तांबं म्हणजे विष. कॉपरचं कार्ट्रिज नसलेलं आरओ घ्या. मीठ समुद्री टाकीचंच, लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास. डब्यातलं आयोडीनयुक्त मीठ नाही. आणि टाकी मुरू द्या, लोणच्यासारखी. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर यायला चार ते सहा आठवडे लागतात. मी दहा दिवसांत जेली आणल्या होत्या.

जेली आल्यावर जाळीने उचलू नका, पाण्याबाहेर तिचा आकार टिकत नाही. पाण्याखालीच वाटी धरा आणि वाटीसकट हलवा.

खाण्याचं म्हणाल तर आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या बारीक जिवाची) अंडी रोज घरी फोडावी लागतात. कोमट खारं पाणी, जोरात हवा, उजेड. दिवसभरात केशरी पिल्लं फिरू लागतात. घाईत मी टरफलांसकट ओतायचो आणि जाळी तुंबायची. हवा बंद करून बाटलीच्या खालच्या बाजूला टॉर्च धरा. टरफलं वर तरंगतात, न फुटलेली अंडी तळाला बसतात, पिल्लं उजेडाकडे गोळा होतात. तेवढीच नळीने काढा, तलम कापडातून गाळा आणि थेट जेलीजवळ सोडा. तासाभराने छत्रीच्या मधल्या चार पाकळ्या केशरी दिसल्या की पोट भरलं. आठवड्यागणिक जेली लहान होत चालली असेल तर ती उपाशी आहे. भूक लागली की ती खरोखर आकसते आणि नीट खायला मिळालं की पुन्हा वाढते.

छत्री वाऱ्यात उलटी होते तशी जेली उलटी झाली, तर आधी तापमान, मग अमोनिया, मग खारटपणा, या क्रमाने तपासा. घाबरून सगळं पाणी बदलू नका. त्याच तापमानाचं, तेवढंच खारट पाणी घेऊन पाव भाग बदला. पहिल्याच दिवशी लक्षात आलं तर बऱ्याचदा सावरते.

राहता राहिली वीज. पंप थांबला की सगळ्या जेली तळाला बसतात. मी इन्व्हर्टरवर फक्त पंप टाकलाय, चिलर त्यावर ओढत नाही. त्यासाठी फ्रीझरमध्ये घट्ट झाकणाच्या पाण्याच्या दोन बाटल्या कायम गोठलेल्या असतात, त्या सम्पमध्ये सोडतो. इन्व्हर्टर मध्येच दगा देतो तेव्हा माझ्या आधी आईला कळतं. आतल्या खोलीतून हाक येते, "अरे, तुझ्या छत्र्या बसल्या बघ."