मचाणावरून नेम धरताना: साइट (धनुष्यावरचं नेम धरायचं साधन) कोणती घेतली आणि काय जुळवलं

पेनसिल्व्हेनियात हरणाची धनुष्यशिकार कायदेशीर आहे. (आपल्याकडे 1972 च्या कायद्याने शिकार बंद, त्यामुळे हा उद्योग इकडेच.) माझा त्रास असा: जमिनीवरून बाण बरोबर मध्ये, मचाणावरून खाली मारला की हमखास उजवीकडे.

आधी उंचीवर संशय होता. पण हिशेब केला तर 20 फुटांवरून 20 यार्डांवरच्या हरणापर्यंतची तिरकी रेषा जेमतेम 21 यार्ड भरते. एवढ्याने काही बिघडत नाही, आणि उंचीने बाण वरखाली होईल, बाजूला कशाला जाईल?

खरी गोम साइटच्या थर्ड ॲक्सिसमध्ये होती, म्हणजे धनुष्य खाली-वर झुकवल्यावरही साइटची लेव्हल (बुडबुड्याची नळी) बरोबर दाखवेल अशा जुळणीत. ओळंबा टांगला, धनुष्य खाली झुकवून धनुष्याची दोरी त्याच्या रेषेत धरली, तर लेव्हलचा बुडबुडा एका कडेला! म्हणजे मचाणावर बुडबुडा मध्यावर ठेवला की धनुष्यच तिरकं होऊन बाण बाजूला जायचा. जुन्या साइटला हे जुळवायचा स्क्रूच नव्हता. म्हणून तो असलेली, तीन स्थिर पिनांची (नेमाच्या ठिपक्यांची) साइट घेतली. एकेक पिन 20, 30, 40 यार्डांसाठी. एक पिन सरकवायची साइट दिसायला सुटसुटीत, पण हरीण चालत पुढे आल्यावर चाक फिरवत कोण बसणार? लोलकासारखी झुलणारी पिन खास मचाणासाठीच असते, पण खडखडते.

स्क्रू सैल करून बुडबुडा मध्यावर आणला. आता बाण सरळ जातात. फक्त हात खाली न करता कमरेतून वाकायचं, आणि सराव हार्नेस (पडू नये म्हणूनचा पट्टा) बांधून मचाणावरूनच करायचा.